आईलाही स्वभाव असतो

वर्तमानपत्रातल्या पुण्यस्मरणाच्या जाहिराती सलग वाचल्या, तर महाराष्ट्रात आजवर एकही तापट आई होऊन गेली नाही असं वाटावं. सगळ्या प्रेमळ, सोशिक, कष्टाळू. फोटो बदलतो, मजकूर तोच. त्यात खोटं काही नसतं, पण नेमकं कोण गेलं तेही कळत नाही. कुठल्या जावेशी तिचं कधी पटलं नाही, हिशेबाला ती किती पक्की होती, कशावर खदखदून हसायची, हे आपण तेराव्याच्या आतच पुसून टाकतो. आदरापोटी, पण पुसतोच.

म्हणून मला लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मोलाचं वाटतं. ही बाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मली. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. नवरा कवी ना. वा. टिळक. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई निमूटपणे त्यांच्यामागे गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि स्वतःचं मन वळल्यावरच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण पुस्तक लक्षात राहतं (निदान माझ्या तरी) ते धर्मांतरामुळे नव्हे. वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवऱ्याचा लहरीपणा, घरात न टिकणारा पैसा, स्वतःची फजिती, हे सगळं त्या मिश्कीलपणे सांगतात, त्यामुळे. टिळकांवर त्यांचा जीव होता. नवऱ्याला देव करण्याची गरज मात्र त्यांना भासली नाही. आपण आयांच्या बाबतीत नेमकं तेच करतो, आणि देव्हाऱ्यातल्या देवाला कुणी काही विचारत नाही.

हे पुस्तक घडलं कसं तेही पाहण्यासारखं आहे. मुलगा देवदत्त यांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहायला सांगितल्या. शोध वडिलांचा होता, हाती लागली आई. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या. अपुरा राहिलेला भाग देवदत्तांनी पुरा केला, आणि पुढे संपूर्ण ‘स्मृतिचित्रे’चं संपादन नातू अशोक टिळक यांनी केलं. फोटोला हार घालण्यापेक्षा हे कितीतरी खटपटीचं काम.

तुमच्या घरात आजी असेल, तर हवं तर आजोबांविषयीच विचारायला बसा. बोलणं तिच्या स्वतःकडे वळलं, की मात्र तिला अडवू नका.