उत्तराची जागा

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. एक आजी उठून विचारतात, "गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला सगळ्यांनी पैसे भरले, तरी माझ्या छताला ओल का?" सचिव तोंड उघडतात तोच मागून कुणी पार्किंगचं काढतं. त्यावर दुसरा भटक्या कुत्र्यांचा विषय आणतो, तिसरा खणखणीत भाषण ठोकून टाळ्या घेतो. मग आभार आणि चहा. इतिवृत्तात एक ओळ उमटते: 'विविध विषयांवर सविस्तर चर्चा झाली.' आजींना कुणी दुखावलं नाही, की खोडून काढलं नाही. त्यांना फक्त उत्तर मिळालं नाही.

चर्चेत जो आधी घुसला त्याचं आधी, किंवा ज्याला टाळ्या जास्त त्याचं वर, हे दोन्ही क्रम सोयीचे असतात. पण दोन्हींत मवाळ आवाजाच्या माणसावर अन्याय होतो. उत्तराची खरी जागा प्रश्नाशेजारीच.

आपल्या शास्त्रकारांनी ही शिस्त फार पूर्वी पाळली. मीमांसेच्या अधिकरणात, म्हणजे एकेका मुद्द्याच्या चर्चेत, आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याची बाजू आणि त्यानंतर सिद्धांत. समोरच्याचं म्हणणं नीट मांडल्यावाचून स्वतःचं मांडायचा अधिकारच नाही.

संविधान सभेचं कामकाज वाचताना हीच शिस्त वेगळ्या रूपात भेटते. मसुद्यातला एकेक अनुच्छेद चर्चेला येई, त्यावरच्या दुरुस्त्या तिथेच मांडल्या जात, बहुतेक वेळा शेवटी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर देत आणि मग मतदान होई. ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शहा यांनी पहिल्या अनुच्छेदात 'धर्मनिरपेक्ष, संघीय, समाजवादी' हे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी विरोध केला. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळातल्या लोकांनी ठरवावं, संविधानाने त्यांचे हात बांधू नयेत, असं त्यांचं म्हणणं होतं. दुरुस्ती फेटाळली गेली. पुढे १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द उद्देशिकेत आले. त्यावर आजही वाद होतो आणि वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना त्याच कामकाजाकडे जावं लागतं. तिथे शहांचं म्हणणं आणि बाबासाहेबांचं उत्तर एकमेकांना लागून आहेत. हरलेली बाजू पुसली गेली नाही, म्हणूनच जिंकलेल्या बाजूचीही पारख करता येते.

२५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात बाबासाहेबांनी विरोधी सूर लावणाऱ्या सभासदांचे नाव घेऊन आभार मानले. कामत, पंजाबराव देशमुख, शहा, कुंझरू ही त्यांतली काही नावं. या मंडळींनी मुद्दे काढले नसते, तर संविधानामागची तत्त्वं उलगडून सांगायची संधीच मिळाली नसती, असं ते म्हणाले. ज्यांच्या सूचना आपण मान्य केल्या नाहीत, त्यांचंच हे ऋण. एवढं मोठं मन असलं की विरोधकाला मानाची जागा आपोआप मिळते.

आपल्याला संविधान लिहायचं नाही, पण घर, सोसायटी, शाळेची पालकसभा आहेच. तिथे इतकं तरी करता येईल. नवा विषय काढण्याआधी विचारावं, "आधीच्या प्रश्नाचं झालं का?" उत्तर देताना समोरच्याचा मुद्दा आधी आपल्या तोंडून सांगावा, आणि तो "हो, हेच म्हणायचं होतं" म्हणेपर्यंत पुढे जाऊ नये. ठराव बहुमताने मंजूर झाला तरी हरकत कुणाची आणि का होती, हे इतिवृत्तात लिहावं. सभा लांबेल, चहा गार होईल. पण ज्याचं म्हणणं मान्य झालं नाही, त्यालाही आपलं ऐकून घेतलं गेलं हे कळेल. आणि ऐकून घेतलेला माणूस पुढच्या सभेलाही येतो.