झाकलेली पाटी

वारजे माळवाडीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची बेकरी आहे. जागा वडिलार्जित, भट्टी कर्ज काढून घेतलेली, आणि नाव तेवढे उसने. एका मोठ्या कंपनीची फ्रँचायझी त्याने पाच वर्षांच्या कराराने घेतली होती. यंदा श्रावणात मुदत संपली. कंपनीने ती वाढवली नाही. दिवाळीच्या तोंडावर मी तिकडे गेलो तेव्हा पाटीवर त्याने घरातली जुनी चादर बांधली होती. पाटीच्या आतला दिवा काढायचा राहिला असावा. संध्याकाळ झाली तशी कंपनीची अक्षरे चादरीतून स्वच्छ वाचता येऊ लागली.

"सर, पाटी त्यांची, हे मला कळतं," तो म्हणाला. "पण ह्या खोक्यांचं काय करू?"

मागच्या खोलीत केकची खोकी छतापर्यंत रचलेली होती. घडी न उलगडलेली, कोरी, आणि प्रत्येकावर कंपनीचे नाव. ती कंपनीकडूनच, कंपनी सांगेल त्या दराने, रोख पैसे मोजून घेतलेली. आता करारनामा म्हणतो, वापरायची नाहीत. परत घेऊ, असे मात्र तो कुठेच म्हणत नाही. दुकानाचा फोन नंबरसुद्धा कंपनीच्या नावे करून द्यायचा, असे एक कलम आहे.

त्या करारनाम्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. पहिली चार पाने वाचून, "चांगलं नाव मिळतंय, कर सही," असे मास्तरी थाटात सांगून मी मोकळा झालो होतो. करार संपल्यावर काय, हे शेवटच्या पानांवर होते. मॅट्रिक झालेल्या माणसाला तेवढे इंग्रजी लागले असते. शेवट ठरवल्यावाचून कादंबरीचे पहिले प्रकरण न लिहिणारा मी. पण लग्नाच्या मांडवात काडीमोडाची गोष्ट कशाला, असे तेव्हा मनाने घेतले असावे.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा पिच्छा पुरवतो आहे. फ्रँचायझीचा असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. व्यापारचिन्हांचा १९९९ चा कायदा नावाच्या मालकाचे रक्षण करतो. १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम, धंद्याची पत विकली असेल तो अपवाद सोडला, तर कुणाला धंदा करण्यापासून रोखणारा करार मानत नाही. म्हणजे नाव त्यांचे, पण भट्टी पेटवण्याचा हक्क याचा. खोकी या दोहोंच्या मध्ये पडली.

थोरामोठ्यांतही हे होते. मॅकडोनल्ड्स १९९६ साली भारतात आली, तेव्हा तिचे उत्तरेकडचे भागीदार दिल्लीचे विक्रम बक्षी होते. पुढे बिनसले. ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने १६९ दुकानांचा परवाना रद्द केला आणि नाव, चिन्ह, सजावट, पाककृती सारे सोडा म्हणून सांगितले. तरी बरीच दुकाने त्याच नावाने चालू राहिली. मे २०१९ मध्ये कंपनीने बक्षींचा हिस्सा विकत घेतला, तेव्हा कुठे ते भांडण मिटले.

माझ्या विद्यार्थ्याची पाटी उतरलीच पाहिजे, याबद्दल मला शंका नाही. कंपनी मोठी, पोरगा लहान, चार दिवस राहिली पाटी तर काय बिघडले, असे वाचकांपैकी कुणी म्हणेल. पण नातवाच्या वाढदिवसाचा केक घ्यायला येणारी आजी त्या नावाच्या भरवशावर येते, आणि त्या भरवशाला जबाबदार असा कुणीच आता नावामागे उभा नाही. मात्र जो 'वापरू नकोस' म्हणतो त्याने 'इकडे दे, तुझे पैसे घे' असेही म्हटले पाहिजे. खोके महाग होते ते नावामुळे. नाव काढून घेतल्यावर उरला पुठ्ठा. भिजलेली, मळलेली खोकी कंपनीने घेऊ नयेत, हे कबूल. कोरी का घेऊ नयेत? बक्षींना हिशेब मिळाला, कारण त्यांच्यापाशी कोर्टात बसायला वेळ आणि पैसा होता. फोन नंबरचे मात्र माझे ठरत नाही. त्यावर कंपनीचे गिऱ्हाईक बोलते, आणि त्याची आत्याही.

गेल्या रविवारी आम्ही चादर आणि पाटी दोन्ही उतरवली. खोकी उलटी दुमडली तर नाव आत जाईल, अशी युक्ती मी सुचवली.

"नाही सर," तो म्हणाला, "छापलेली बाजू खाण्याला लागू द्यायची नसते."

हे त्याला कंपनीनेच शिकवले होते.