तुपाची वाटी

आज आख्यान पोथीतले नाही, आमच्याच फजितीचे आहे. दुसऱ्याचे दोष सांगणाऱ्याने आपले झाकून ठेवू नयेत.

आमचा एक बाळमित्र एस.टी.त ड्रायव्हर. आषाढी आली की आम्ही चौघांनी खांद्यावर पताका घेऊन पायी निघावे आणि त्याने यात्रेच्या जादा गाड्या पंढरपुरास न्याव्यात, असा वर्षानुवर्षांचा क्रम. आम्ही चंद्रभागेत स्नान करीत असू, तेव्हा तो परतीची गाडी भरीत असे. मागल्या महिन्यात तो सेवानिवृत्त झाला. म्हणाला, "बुवा, जन्मभर स्टँडावर उभ्या उभ्या खाल्लं. एकदा तुम्हां सगळ्यांना चांगल्या ठिकाणी जेवू घालायचंय." आम्ही माळकरी, म्हणून पुण्यातले एक मोठे शाकाहारी हॉटेल त्याने मुद्दाम शोधून काढले.

संध्याकाळी जाऊन बसलो. पाणी आले, पण जेवण काही येईना. तासाभराने आले ते निवालेले. भाजी नुसती गोड, रोटी चामड्यासारखी, ताक आंबट ढाण. एकाने ताट सरकविले, दुसऱ्याने किमतीचा हिशेब मांडला. आणि आम्ही? वाढणाऱ्या पोराला असे झाडले की शेजारचे लोक वळून पाहू लागले. बिलात सेवाशुल्क लावलेले. ते आपोआप बिलात धरू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ सालीच बजावले आहे. त्यावरही वाद घातला. न्याय आमच्या बाजूला होता, यात शंका नाही. पण देव होता का?

बाहेर आलो तो मित्र गप्प. मग हळूच म्हणाला, "माझंच चुकलं, बुवा. पण शेवटची गाडी मी कशी आणली, ते कुणी विचारलंच नाही."

आता विचार करा. वारीच्या वाटेवर पावसात भिजत आपण पत्रावळीवर पिठलं-भाकरी खातो. पिठले कधी खारट, भाकरी कधी करपलेली. तिथे कोणी नावे ठेवतो का? तुम्ही म्हणाल, "महाराज, ते अन्नदान, इथे पैसे मोजले." शंका रास्त आहे. पैसे मोजले तर मालकाजवळ शांतपणे तक्रार करावी, बिलही दुरुस्त करून घ्यावे. पण पैसे कोणाचे होते? पैसे मित्राचे, जीभ तेवढी आमची! आम्ही त्याचे पाहुणे. प्रत्येक नाव ठेवणे त्याच्याच काळजाला लागत होते, आणि आम्हांस वाटत होते की आपण हॉटेलवाल्याला धडा शिकवितो आहोत.

नामदेवरायांची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. कुत्र्याने भाकरी पळविली, तर कोरडी कशी खाईल म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. भाकरी पळविणाऱ्यामागे नामदेवराय तूप घेऊन धावले आणि भाकरी आणून देणाऱ्या पोरावर आम्ही धावून गेलो! स्वयंपाक त्याने केला नव्हता, उशीरही त्याने केला नव्हता. आणि या आमच्याच तोंडून ही कथा कितीदा तरी लोकांनी ऐकली असेल.

पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो. दही आणि लाह्या, एवढेच ते. त्यात मीठ बेताचे आहे का, असे कोणी पाहत नाही. एकमेकांच्या मुखी घास गेला, की काल्याची गोडी आली.

असो. त्या रात्री आम्ही कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीपाशी उभे राहिलो आणि म्हटले, "सांग रे बाबा, शेवटची गाडी कशी आणलीस?" तो सांगू लागला. शेवटचा उतारू उतरल्यावर त्याने रिकाम्या गाडीत स्टिअरिंगवर डोके टेकून नमस्कार केला होता. सांगताना त्याचा कंठ दाटला, आमचाही. हे सांगण्यासाठीच त्याने आम्हांस जेवायला बोलाविले होते.

तेव्हा मायबापहो, कोणी प्रेमाने पानावर बसविले, तर आधी बसविणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे, मग पानाकडे.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!