मूल्य आणि सवलत

मराठी पुस्तकाच्या शीर्षकपानामागे किंमत छापताना ‘मूल्य’ हा शब्द अनेकदा योजला जातो. समीक्षेत तोच शब्द निराळ्या अर्थाने रूढ आहे, मर्ढेकरांपासून रा. भा. पाटणकरांपर्यंत मूल्यांची जी चर्चा झाली, ती रुपयांची नव्हती. या दोन अर्थांची गाठ पडते ती पुस्तकाच्या दुकानात. साताऱ्यातील वा सांगलीतील ग्रंथविक्रेता किमतीच्या बाबतीत ऑनलाइन विक्रेत्यांशी स्पर्धा करू शकेल काय, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ व्यापाराचा राहत नाही.

व्यापारापुरते उत्तर सरळ आहे. समजा, ३०० रुपयांच्या पुस्तकामागे विक्रेत्याला १०० रुपये सुटतात. ऑनलाइन मिळणाऱ्या ७५ रुपयांच्या सवलतीशी त्याने बरोबरी केली, तर हाती २५ उरतात. त्यातून भाडे, वीज, नोकराचा पगार, पुण्याहून येणाऱ्या पार्सलचा खर्च आणि न खपलेल्या प्रती भागवायच्या. सांगलीत साठा करणे म्हणजे तर कृष्णेचीही जोखीम पत्करणे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तेथील बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. उलट फ्लिपकार्टने २००७ मध्ये पुस्तकांपासून आरंभ केला आणि पुढे नाना वस्तू विकायला घेतल्या. एवढा पसारा असलेल्याला पुस्तकातील तूट अन्यत्र भरून काढता येते. दुकानदाराला ती सोय नाही.

अर्थात, हे संकट केवळ बाहेरून आले असे मानणे सोयीचे असले तरी खरे नव्हे. प्रकाशनपूर्व सवलत आणि प्रदर्शनांतील घसघशीत सूट देऊन मराठी प्रकाशकांनीच छापील किमतीवरचा विश्वास आधी डळमळीत केला. फ्रान्सने १९८१ च्या कायद्याने नव्या पुस्तकावरील सवलत ५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली. आपल्याकडे छापील किंमत ही केवळ वरची मर्यादा असते. खालची मर्यादा नाहीच. तशी ती घालावी काय? घातली, तर जत वा माण तालुक्यातील ज्या विद्यार्थ्याला ते ७५ रुपये एसटीच्या भाड्याइतके मोलाचे आहेत, त्याच्या खिशातून दुकान वाचवावे लागेल. शिवाय त्याच्या गावापर्यंत पुस्तक पोचते ते ऑनलाइनच. त्याला दोष देणारी नीती पोट भरलेल्यांची होय.

खरा नैतिक पेच दुसऱ्याच वाचकाचा आहे. तो तासभर पुस्तके चाळतो, विक्रेत्याला विचारतो, त्याच्या सांगण्यावरून एखादे निवडतो, आणि तेथेच उभ्या उभ्या फोनवरून स्वस्त प्रत मागवतो. ही चोरी नव्हे. उभ्याने वाचू देणे हा तर दुकानांचा जुना औदार्यधर्म. परंतु विक्रेत्याची निवड त्याने घेतली आणि मोल मात्र दिले नाही. वेतन आयोगाचा पगार घेणाऱ्या प्राध्यापकापाशी यावर कोणते समर्थन आहे?

सातारा जिल्ह्यातील भिलार येथे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ आहे. वेल्समधील हे-ऑन-वाय हे त्याचे प्रेरणास्थान. पण ते जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांचे गाव, तर भिलारला पुस्तके विनामूल्य वाचायला मिळतात. तेथील निवडीचा खर्च शासन सोसते. दुकानातील निवडीचा खर्च कोणीच सोसत नाही, कारण तो वेगळा कधी आकारलाच गेला नाही. तो छापील किमतीतच दडलेला होता आणि सवलतीत पहिल्यांदा कापला जातो तोच.

नाव ठाऊक असलेले पुस्तक कोठूनही मागवता येते. नाव ठाऊक नसलेल्या कवीचा पहिला संग्रह मात्र कोणीतरी फळीवर ठेवावा लागतो. विक्रेता त्याच्या तीन प्रती मागवतो. त्यांतली एक चाळून चाळून मळते. प्रकाशक ती सहसा परत घेत नाही.