गिबोनाची बुरसलेली भाकर

(यहोशवा, अध्याय ९)



गिबोनाचे लोक यहोशवाकडे आले, तेव्हां त्यांच्या गाढवांवर जुनीं पोतीं होतीं, फाटून शिवलेले बुधले होते, पायांत ठिगळांचीं पायतणें होतीं आणि शिदोरींतील भाकर वाळून बुरसलेली होती. आम्ही फार दूर देशाहून आलों, असें त्यांनीं सांगितलें. इस्राएलाच्या सरदारांनीं ती शिदोरी पाहिली आणि तह केला. परंतु प्रभूला मात्र विचारलें नाहीं. तीन दिवसांनीं कळलें कीं, हे तर आपल्या शेजारचेच लोक!

सरदार मूर्ख नव्हते. त्यांनीं पुरावा पाहिला. पण तो पुरावा फसविणाऱ्यांनींच आणलेला होता. बंधूंनो, आजच्या उपदेशाचें सर्व सार ह्या एका गोष्टींत आहे.

ही भाकर आतां मोबाईलवर येते, आणि ती मीं स्वतः खाल्ली आहे. गेल्या नाताळापूर्वीं एका सायंकाळीं मला निरोप आला. त्यावर आमच्या वडील पाळकसाहेबांचा फोटो व नांव होतें. नंबर मात्र नवा होता. "मी सभेंत आहें, फोन करूं नका. दवाखान्यांतील एका बांधवासाठीं पांच हजारांचें गिफ्ट कार्ड मोबाईलवरूनच विकत घ्या आणि त्याचा क्रमांक मला पाठवा. पैसे उद्यां देतों." फोटो पाहून माझी खात्री पटली, आजाऱ्याचें ऐकून मन द्रवलें, आणि मीं क्रमांक पाठविला. लागलीच दुसऱ्या कार्डाची मागणी आली, तेव्हां मीं साहेबांना त्यांच्या जुन्या नंबरावर फोन लाविला. ते घरीं जेवावयास बसले होते. त्यांनीं कांहींच मागितलें नव्हतें.

पांच हजार रुपये गेले, पण ह्याहून मोठी चूक मीं पुढें केली. लाजेनें मी गप्प राहिलों. आठ दिवसांनीं तोच फोटो व तोच निरोप साक्री तालुक्यांतील आमच्या एका उपदेशकांस गेला. कापूस विकून मुलीच्या फीसाठीं ठेवलेले पंधरा हजार रुपये त्यांनीं त्यांत घातले. मधल्या रविवारीं मी व्यासपीठावरून दोन वाक्यें बोललों असतों, तर ती फी वांचली असती. हें मीं त्यांच्यापाशीं कबूल केलें आहे. आज तुमच्यापाशींहि करितों.

गिफ्ट कार्ड म्हणजे आगाऊ पैसे भरलेली दुकानाची चिठी. तिचा गुप्त क्रमांक ज्याला कळला, पैसा त्याचा झाला. बँकेंतून पैसे पाठविले तर घेणाऱ्याच्या खात्याचा माग राहतो. येथें तसा माग सहसा लागत नाहीं. म्हणूनच चोराला ही रीत प्रिय आहे.

हें पाप परक्या मुलखाचें आहे, असेंहि समजूं नका. ऑक्टोबर २०१६ मध्यें ठाणें पोलिसांनीं मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले आणि ७०० हून अधिक जणांना ताब्यांत घेतलें. तेथें बसून तरुण मुलेंमुली अमेरिकेंतील लोकांना फोन करीत. आपण तेथील कर खात्याचे अधिकारी आहों, तुमचा कर थकला आहे, आतां अटक होईल, असा धाक घालून गिफ्ट कार्डें घ्यावयास लावीत आणि त्यांचे क्रमांक वदवून घेत. गिबोनकर जवळचे असून दूरचे झाले. हे दूरचे असून जवळचे झाले. आपल्या मुलाला शहरांत फोनवर बोलण्याची नोकरी मिळाली, तर तो कोणाशीं काय बोलतो, हें आईबापांनीं अवश्य विचारावें. त्याच अमेरिकेंत पाळकांच्या नांवानें मंडळीकडून गिफ्ट कार्डें मागितलीं जातात, असा इशारा तेथील फेडरल ट्रेड कमिशननें २०१९ सालीं दिला होता. म्हणजे मजवर आलेला प्रसंग नवा नव्हता; मला तो ठाऊक नव्हता, इतकेंच.

सोंगें पुष्कळ आहेत. कोणी पोलिसाचा गणवेश घालून मोबाईलच्या पडद्यावर दिसतो आणि "तुम्हांला डिजिटल अटक झाली" म्हणतो. कायद्यांत अशी अटकच नाहीं. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधानांनीं "मन की बात" मध्यें हें स्पष्ट सांगितलें. कोणतेंहि सरकारी खातें दंड गिफ्ट कार्डानें घेत नाहीं. कोणी "तुम्हांला पैसे पाठवितों, पिन टाका" म्हणतो. पैसे घेण्यास पिन लागतच नाहीं. सोंगें निराळीं असलीं तरी तिघे सोबती त्यांच्याबरोबर नेहमीं येतात. एक घाई, दुसरी भीति किंवा दया, आणि तिसरा हुकूम, "कोणाला सांगूं नका." हा तिसरा ओळखा. मेंढराला कळपांतून एकटें काढल्यावांचून लांडग्याचें काम होत नाहीं.

म्हणून असा निरोप आला तर फोन खालीं ठेवा. निरोपांतल्या नंबरावर विचारूं नका. ती त्याचीच भाकर आहे. ज्याचें नांव सांगितलें, त्याला आपल्याजवळच्या जुन्या नंबरावर फोन करा, किंवा घरच्या माणसाला, शेजाऱ्याला, मंडळीच्या वडिलांना विचारा. प्रार्थना करा आणि सकाळपर्यंत थांबा. खरा गरजवंत तुमच्या विचारण्यानें रागावणार नाहीं. पैसे गेलेच, तर त्याच घटकेस १९३० ह्या क्रमांकावर फोन करा व जवळच्या पोलीस ठाण्यांत जा. कार्डाची पावती जपून ठेवा आणि कार्ड विकणाऱ्या कंपनीसहि कळवा. जितका उशीर, तितकी आशा कमी.

आणि मंडळीस एक विनंती. गिबोनाचें कपट उघडें झालें, तेव्हां लोकांनीं आपल्या सरदारांविरुद्ध कुरकुर केली. आपण तसें करूं नये. फसलेल्या विधवेला "तुला अक्कल नव्हती काय?" असें विचारलें, तर पुढची फसलेली बाई तोंड उघडणार नाहीं, आणि चोराला आणखी एक घर मिळेल.

उपदेशकांनीं येत्या रविवारीं हा मजकूर उपासनेनंतर वाचावा, अहिराणींत समजावून सांगावा, आणि १९३० हा आंकडा मंदिराच्या दाराशीं मोठ्या अक्षरांत लिहावा. नंतर विचारावें, "आपल्यांत कोणाला असा फोन आला आहे काय?" पहिला हात कोणाचाच वर झाला नाहीं, तर माझी गोष्ट सांगावी.