सापडलेली सायकल आणि सातवी आज्ञा



रविवारच्या मिस्सानंतर ज्या सूचना दिल्या जातात, त्यांत अधूनमधून एक सूचना असते : ‘चाव्यांचा जुडगा सापडला आहे’, ‘लहान मुलाचा चष्मा सापडला आहे, ओळख पटवून घेऊन जावा.’ जपमाळ, छत्री, पाकीट अशा वस्तू कोणीतरी उचलतो, धर्मगुरूंकडे आणून देतो आणि आपल्या कर्तव्यातून मोकळा होतो. वस्तू लहान असते आणि काम दोन मिनिटांचे असते.

सायकलीचे मात्र तसे होत नाही. रस्त्याच्या कडेला, कुंपणाला टेकून एखादी सायकल चार दिवस उभी असते. येणारा-जाणारा प्रत्येक जण ती पाहतो. ‘असेल कोणाची तरी, येईल आणि नेईल’ असे म्हणून पुढे जातो. आठवड्याने तिची घंटी नाहीशी होते, मग सीट, मग पुढचे चाक. महिन्याभराने गंजलेला सांगाडा उरतो आणि तो भंगारवाला उचलतो. आता विचार करा, ही सायकल कोणी चोरली? घंटी नेणारा म्हणेल, मी फक्त घंटी घेतली. आपण म्हणू, आम्ही तर हातही लावला नाही. सायकल मात्र गेली आणि तिचा मालक पायी चालत राहिला.

‘चोरी करू नकोस’ ही आज्ञा आपण सगळे बालपणापासून पाठ म्हणतो. पण न चोरणे एवढ्याने ती पाळली जाते का? दुसऱ्याची हरवलेली वस्तू आपल्या नजरेस पडली, तर आपल्यावर काही जबाबदारी येते का? आली तर ती किती? हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही.

पवित्र शास्त्र काय सांगते?

जुन्या करारातील अनुवाद ह्या पुस्तकाच्या २२व्या अध्यायाची पहिली तीन वचने ह्याच विषयावर आहेत. भाऊबंदाचा बैल किंवा मेंढरू भटकताना दिसले तर न पाहिल्यासारखे करू नये, ते परत पोहोचवावे, असा तेथे आदेश आहे. मालक जवळ राहत नसेल किंवा आपल्याला ठाऊकच नसेल, तर जनावर घरी आणावे, तो शोधत येईपर्यंत सांभाळावे आणि मग त्याच्या स्वाधीन करावे. गाढव, वस्त्र किंवा हरवलेली कोणतीही वस्तू असो, नियम हाच.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की शास्त्र प्रथम घेणाऱ्या हाताला अडवत नाही, ते कानाडोळा करणाऱ्या डोळ्याला अडवते. आपण ती वस्तू पाहिली, त्याच क्षणी आपला आणि त्या अनोळखी मालकाचा संबंध जुळला. तो कोण आहे हे आपल्याला माहीत नाही, पण त्याची वस्तू कोठे आहे हे आता फक्त आपल्याला माहीत आहे.

निर्गमच्या २३व्या अध्यायात तर शत्रूचा बैल किंवा गाढव मोकाट फिरताना दिसले तरी ते त्याला नेऊन द्यावे, असे सांगितले आहे. म्हणजे मालक भाऊबंद असो, अनोळखी असो की वैरी असो, त्याची वस्तू त्याचीच. आपल्या मराठीत म्हण आहे, ‘ज्याचे त्याला आणि गाढव ओझ्याला.’ ज्याला मधल्या मध्ये नुसते ओझे वाहावे लागले, त्याची आपण ह्या म्हणीने थट्टा करतो. पण शास्त्र आपल्याला नेमके तेच ओझे वाहायला सांगत आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात सातव्या आज्ञेचे विवेचन आहे. त्यातील २४०९व्या परिच्छेदात, उसनी घेतलेली किंवा सापडलेली वस्तू जाणूनबुजून स्वतःकडे ठेवणे हे ह्या आज्ञेविरुद्ध आहे, असे स्पष्ट म्हटले आहे, मग देशाचा कायदा त्याबद्दल काही म्हणो वा न म्हणो.

संत ऑगस्टीन ह्यांनी एका प्रवचनात मिलान शहरात घडलेली हकिगत सांगितली आहे. व्याकरण शिकवणाऱ्या एका पंडिताच्या शाळेत एक अतिशय गरीब ख्रिस्ती मदतनीस होता. त्याला सुमारे २०० सुवर्णनाण्यांची पिशवी सापडली. मालक कोण हे ठाऊक नव्हते, म्हणून त्याने जाहीर सूचना लावली. मालक धावत आला. मदतनिसाने लगेच पिशवी पुढे केली नाही. पिशवी कशी होती, मोहर कोणती होती, नाणी किती होती, हे विचारून घेतले. खूण पटल्यावर सगळे परत केले. आनंदित झालेल्या मालकाने २० नाणी देऊ केली, त्याने ती नाकारली. मग १०, मग ५, तरी तो घेईना. शेवटी मालकाने रागाने पिशवीच फेकली आणि म्हणाला, तू काहीच घेणार नसशील तर माझे काही हरवलेच नाही. तेव्हा कोठे त्याने पैसे स्वीकारले आणि सगळे गोरगरिबांत वाटून टाकले. ह्याच प्रवचनात संत ऑगस्टीन स्पष्ट सांगतात की सापडलेली वस्तू परत न करणे म्हणजे ती हिरावून घेणेच होय.

आपल्या सबबी

पहिली सबब : ‘देवाने दिले.’ फुकट ते पौष्टिक ह्या वृत्तीला आपण देवाचे नाव देतो. पण एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याला देण्याची देवाची रीत नाही.

दुसरी : ‘मालकाने टाकून दिली असेल.’ संत थॉमस अक्वायनस मान्य करतात की मालकाने खरोखर सोडून दिलेली वस्तू घेणे ही चोरी नव्हे. पण तसे मानायला आधार हवा. ज्या सायकलीला कुलूप आहे, कॅरिअरला दोरी बांधलेली आहे, ती कोणी टाकून दिलेली नसते.

तिसरी : ‘नसती भानगड कशाला? उद्या आपल्यावरच चोरीचा आळ यायचा.’ ही भीती अगदी खोटी नाही. म्हणूनच जे करायचे ते उघडपणे, चार जणांना सांगून करावे. लपवलेल्या वस्तूवरून संशय येतो, जाहीर केलेल्या वस्तूवरून सहसा येत नाही.

चौथी सबब सर्वांत भाविक आहे : ‘विकून टाकू आणि पैसे संत अंतोनीच्या पेटीत घालू.’ दुसऱ्याच्या पैशाने दानधर्म करणे सोपे असते. पण जी वस्तू आपली नाही ती आपण दान कशी करणार? आधी न्याय, मग दान.

सायकल कोणाची असते?

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता स्कूटर किंवा मोटार आहे. एखादी जुनी सायकल आपल्या लेखी भंगार. पण आज रोजच्या कामासाठी सायकल कोण चालवतो, हे पहाटे रस्त्यावर पाहावे. वर्तमानपत्र टाकणारा, दूध घालणारा, बांधकामावरचा मजूर, रात्रपाळीचा पहारेकरी. त्याची सायकल गेली म्हणजे रिक्षाचे भाडे वाढले किंवा तासाभराची पायपीट आली.

इटलीचे दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका ह्यांचा ‘बायसिकल थीव्ज’ हा १९४८चा चित्रपट ह्याच दुःखावर आहे. महायुद्धानंतरच्या रोममध्ये अंतोनियो नावाच्या बेकाराला भिंतीवर जाहिराती चिकटवण्याची नोकरी मिळते, पण अट अशी की स्वतःची सायकल हवी. पत्नी घरातल्या चादरी गहाण ठेवून सायकल सोडवून आणते. पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. बाप आणि लहान मुलगा शहरभर शोधत फिरतात, फारशी कोणाची साथ मिळत नाही, आणि शेवटी तो प्रामाणिक माणूस स्वतःच दुसऱ्याची सायकल चोरू पाहतो. १९९५ साली व्हॅटिकनने निवडलेल्या ४५ चित्रपटांच्या यादीत ह्याचा समावेश आहे. एकाच्या हानीकडे सगळ्यांनी कानाडोळा केला की ती हानी त्याच्या सचोटीपर्यंत कशी पोहोचते, हे त्यात दिसते.

शोध कसा घ्यावा?

सायकल जागेवरून हलवावी लागली तर तेथे चिठ्ठी लावावी आणि शेजारच्या दुकानदाराला सांगून ठेवावे. चिठ्ठी मराठीबरोबर हिंदीतही असावी, कारण मालक परप्रांतातून आलेला असू शकतो. पूर्वी अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि बिल्ला देत, त्यावरून मालक सापडे. आता फ्रेमवर कोरलेला क्रमांक पाहावा. तो बहुधा पायडलच्या दांड्याखाली किंवा सीटच्या नळीवर असतो. जवळच्या सायकल दुरुस्तीवाल्याला दाखवावी, पंक्चर काढणारा पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या आधी त्याची सायकल ओळखतो. आपल्या चर्चमध्ये सूचना द्यावीच, पण जवळच्या शाळेत, देवळात, मशिदीत आणि मजुरांच्या वस्तीतही निरोप पोहोचवावा. सगळ्या खुणा जाहीर करू नयेत. मिलानच्या त्या मदतनिसाप्रमाणे काही खुणा विचारण्यासाठी राखून ठेवाव्यात. पोलीस ठाण्यात कळवावे आणि लेखी पोच मागावी.

कायदाही ह्याच बाजूने आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या ७१व्या कलमानुसार सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. अशी वस्तू अप्रामाणिकपणे आपलीशी करणे हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसारही गुन्हा आहे. म्हणून सायकल पावसात उभी करू नये आणि ‘जरा बाजारापर्यंत’ म्हणून वापरूही नये.

एवढे करूनही मालक सापडला नाही तर? संत थॉमस म्हणतात की ज्याचे देणे आहे तो अजिबात ठाऊक नसेल, तर कसून चौकशी केल्यानंतर त्याच्या तारणासाठी ते दानधर्मात द्यावे. म्हणजे संत अंतोनीच्या पेटीचा मार्ग बंद नाही, पण तो शोधाच्या शेवटी आहे. आणि ते दान आपल्या नव्हे, त्या अनोळखी माणसाच्या नावे जमा होते. शोध किती करायचा हे सायकल आपल्याला कितीची वाटते त्यावरून ठरवू नये. ती गमावलेल्याला तिची किती गरज असेल, त्यावरून ठरवावे.

आपली वस्तू हरवली की आपण पदुआच्या संत अंतोनीचा धावा करतो. परंपरा सांगते की त्यांचे स्वतःचे स्तोत्रांचे पुस्तक मठ सोडून जाणाऱ्या एका तरुणाने नेले होते. त्यांनी प्रार्थना केली आणि तो तरुण पुस्तक घेऊन परत आला. म्हणजे ती प्रार्थना फळाला आली ती परत आलेल्या माणसाच्या पावलांनी. आज एखादा मजूर त्याच्या भाषेत, त्याच्या देवाजवळ, हरवलेल्या सायकलीसाठी विनवणी करीत असेल. त्या विनवणीचे उत्तर कदाचित आपल्या कुंपणाला टेकून उभे असेल.

लूकच्या शुभवर्तमानातील १५व्या अध्यायात मेंढपाळ हरवलेले मेंढरू शोधतो आणि स्त्री दिवा लावून, घर झाडून हरवलेले नाणे शोधते. दोघेही सापडल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून आनंद करतात. हरवलेल्यांना शोधणारा देव आपला पिता आहे. दुसऱ्याची हरवलेली वस्तू तिच्या घरी पोहोचवताना त्या आनंदातला थोडा वाटा आपल्यालाही मिळतो. प्रभू आपणा सर्वांना पाहणारे डोळे आणि परत करणारे हात देवो.