वैधव्याने उघडलेली दारे

इंग्रजीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रहस्यकथेची एक शाखा जोमाने फोफावली आहे. काळ बहुधा एकोणिसाव्या शतकातला, घराणे उमरावांचे, आणि खुनाचा छडा लावणारी बाई त्याच घराण्यातली. पोलीस खात्याशी तिचा संबंध नाही आणि तपास हा तिचा धंदाही नाही. टाशा अलेक्झांडरची लेडी एमिली, डिॲना रेबर्नची लेडी जुलिया ग्रे, ॲना ली ह्यूबरची लेडी डार्बी ही त्यांतली ठळक नावे. उंची पोशाख, मेजवान्या आणि एखाद्या देखण्या गुप्तहेराशी हळूहळू जुळत जाणारे सूत एवढाच ऐवज असेल अशा समजुतीने गंभीर वाचक या पुस्तकांकडे फिरकत नाही. पण या तिघींत एक साम्य आहे आणि ते योगायोगाचे नाही. तिघीही विधवा आहेत. पहिल्या कादंबरीत खरी हालचाल सुरू होते ती नवरा गेल्यानंतर. बाईला प्रश्न विचारण्याची मोकळीक केव्हा मिळते, हा या कादंबऱ्यांचा गाभा आहे आणि खून हे त्याचे निमित्त, असे माझे म्हणणे आहे.

यामागे कायदा आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्यानुसार लग्न होताच स्त्रीचे स्वतंत्र अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विरून जाई. तिची जंगम मालमत्ता त्याची होई. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे की दावा लावता येत नसे. १८७० च्या आणि विशेषतः १८८२ च्या कायद्याने विवाहितेला स्वतःच्या मालमत्तेवर हक्क मिळाला, तरी घरातली सत्ता एका कायद्याने बदलत नसते. सज्ञान अविवाहित मुलगी कायद्याने मोकळी होती, पण प्रतिष्ठित घरांत ती एखाद्या वडीलधाऱ्या बाईच्या सोबतीशिवाय बाहेर पडू शकत नसे. दोन्ही बंधनांतून सुटलेली एकच बाई उरते : बऱ्यापैकी पैसा हाती असलेली विधवा. सुतकाची दोन-अडीच वर्षे सरली की घर तिचे, गाडी तिची, आणि कोणाला भेटायचे हे ठरवणारीही तीच.

रेबर्नने ‘सायलेंट इन द ग्रेव्ह’ या कादंबरीत याचा नेमका उपयोग केला आहे. १८८६ चे लंडन. घरी पाहुणे जमलेले असताना जुलियाचा नवरा सर एडवर्ड ग्रे कोसळतो. त्याला धमक्या येत होत्या, असे निकोलस ब्रिस्बेन हा खासगी तपासनीस जुलियाला सांगतो आणि ती त्याला झिडकारते. वर्षभराने नवऱ्याचे टेबल आवरताना धमकीची चिठ्ठी तिच्याच हाती लागते. एडवर्ड जिवंत असता तर ते टेबल तिने उघडलेच नसते. विधवा झालेली बाई सर्वांत आधी झडती घेते ती स्वतःच्या संसाराची. लेडी एमिलीचेही तेच. आईच्या तावडीतून सुटायचे म्हणून तिने लग्न केले, आणि नवऱ्याची खरी ओळख तिला होते ती तो आफ्रिकेत शिकारीला गेला असताना वारल्यानंतर, त्याच्या पुस्तकांतून आणि ग्रीक पुराणवस्तूंतून.

या तिन्हींत मला सर्वांत मोलाची वाटते ती लेडी डार्बी. ‘द ॲनाटॉमिस्ट्स वाइफ’ १८३० च्या स्कॉटलंडमध्ये घडते. त्याच्या दोनच वर्षे आधी एडिंबरोत बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा माणसे मारून त्यांची प्रेते शरीरशास्त्राच्या शिक्षकाला विच्छेदनासाठी विकली होती. बेवारस मृतदेह कायदेशीरपणे मिळण्याची सोय झाली ती १८३२ च्या कायद्याने. अशा भेदरलेल्या काळात कीरा डार्बीच्या शल्यविशारद नवऱ्याने तिचा चित्रकलेतला हात पाहून तिला विच्छेदनाच्या आकृत्या काढायला भाग पाडले. तो गेल्यावर हे बाहेर फुटते आणि समाज तिलाच राक्षसीण ठरवतो. बहिणीच्या वाड्यात एका बाईचा खून होतो तेव्हा संशय कीरावर येतो, आणि प्रेत पाहून काही सांगू शकेल अशीही तीच असते. ज्या ज्ञानापायी तिची अब्रू गेली, तेच तिला वाचवते. उमराव बाईच्या हौसेखातर रचलेली ही गोष्ट नाही; नवऱ्याच्या हुकुमाखाली काय काय सोसावे लागे याची ती नोंद आहे.

मराठी वाचकाला हे वाचताना धक्का बसणे साहजिक आहे. लेडी एमिली ज्या सुमारास वैधव्यामुळे मोकळी होते, त्याच सुमारास हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ मधली यमू वैधव्यात कोंडली जाते आणि तिचे केस बळजबरीने उतरवले जातात. एका समाजात वैधव्याने दार उघडते, दुसऱ्यात तेच दार बंद होते. वैधव्य सारखेच, फरक पडला तो कायद्याने, पैशाने आणि रूढीने.

आक्षेप असा घेतला जातो की या नायिका आजच्या मनाच्या आहेत, जुने कपडे घातलेल्या. संवादांपुरते ते पुष्कळदा खरे आहे. पण जिथे पुरुषाला पाऊल टाकता येत नाही तिथे बाईलाच जावे लागते, ही मूळ कल्पना बनावट नाही. १८६६ साली नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकल्या, आणि १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सने त्यांना नेमले ते याच गरजेपोटी. पडदानशीन विधवांच्या जहागिरी होत्या, दावे होते, भाऊबंद लुबाडत होते, आणि त्या परपुरुष वकिलासमोर येऊ शकत नव्हत्या. सुजाता मॅसीने सोराबजींपासून स्फूर्ती घेऊन परवीन मिस्त्री ही पारशी वकील उभी केली. ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ मध्ये १९२१ च्या मुंबईत एका गिरणीमालकाच्या तीन विधवांशी परवीनच बोलू शकते, म्हणून प्रकरण तिच्याकडे येते.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे आणि तो मला बराचसा मान्य आहे. तपास करायला उमराव बाईच का? व्हिक्टोरियन लेखकांनी आपल्याच काळावर लिहिले तेव्हा त्यांची स्त्री-गुप्तहेर पगारी होती. १८६४ मधली मिसेस पास्कल ही नवऱ्यामागे हलाखीत राहिलेली विधवा, आणि १८९४ मधली लव्हडे ब्रूक फ्लीट स्ट्रीटवरच्या एका कचेरीत नोकरी करते. स्त्री-गुप्तहेराला किताब दिला तो आजच्या लेखकांनी. दिवाणखाने त्याने खुले झाले, पण त्या घरात कोण केव्हा उठले, कोणाच्या अंथरुणावर रक्त होते, हे ठाऊक असते मोलकरणीला. बहुतेक कादंबऱ्यांत मोलकरीण माहिती देते आणि पुढच्या पानावर नाहीशी होते, श्रेय बाईसाहेबांचे. या साहित्यप्रकारातले सर्वांत मोठे वैगुण्य हेच. रीस बोवेनने निदान ते ओळखले. तिची लेडी जॉर्जियाना राजघराण्यातली, वारसाहक्कात चौतिसावी, पण कफल्लक. १९३२ च्या लंडनमध्ये ती नाव लपवून लोकांची घरे झाडायला जाते.

मॅसीची परवीनवरची दुसरी कादंबरी सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात घडते, आणि तीही इंग्रजीतच. मराठी मुलखातल्या संस्थानांची दप्तरे, दत्तकाची भांडणे, माजघरातल्या विधवा आणि त्यांचे सारे काही जाणणाऱ्या कुणबिणी, ही सामग्री आपल्या दाराशी आहे. एखाद्या मराठी लेखिकेने तिला हात घालावा, आणि छडा लावायचे काम कुणबिणीवर सोपवावे.